भरतीच्या पाण्याची भाकर

खाडीच्या मुखाशी दांडेखार नावाचे मिठागरांचे गाव होते. एका वर्षी उपासकाळात योना महाराज तिथे येऊन राहिले. राहिले ते मिठागराच्या बांधावर, झावळ्यांच्या खोपटात. गावात दोन दोन देवळे असताना संताने बांधावर राहावे हे गावाला शोभणारे नव्हते, पण महाराजांना दुसरी जागाच कुठे होती? वरच्या देवळात उतरावे तर खालचे रुसणार, खालच्या देवळात उतरावे तर वरचे विटाळ मानणार. महाराजांनी मुकाट्याने बांध धरला.

त्या काळी आपल्या या किनाऱ्यावर ख्रिस्ताची भक्ती घरोघर होती. देवगिरीच्या राजाच्या निशाणावर क्रूस होता आणि घाटावरच्या बाया दळताना प्रभूच्या जन्माच्या ओव्या म्हणत. पहिले गुरू फार पूर्वी पश्चिमेकडून गलबताने आले होते. त्यांनी सोबत धर्मग्रंथ आणला आणि आंबवलेल्या पिठाचा एक उंडा आणला. प्रभूने शेवटच्या रात्री शिष्यांना जी भाकर मोडून दिली, तिच्या पिठाचाच हा वंश, असे ते सांगत. त्या उंड्याला मायपीठ म्हणत. प्रसादाची भाकर करताना मायपिठातला गोळा नव्या पिठात घालायचा आणि मळून झाल्यावर त्यातलाच एक गोळा पुन्हा मडक्यात ठेवायचा. दिव्याने दिवा लावावा तसे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

पुढे दुसरे गलबत आले आणि दुसरे गुरू आले. ते म्हणाले, प्रभूने त्या रात्री खाल्ली ती न आंबवलेली, कोरी भाकर होती. आंबणे म्हणजे नासणे, आणि नासलेले देवापुढे ठेवू नये. झाले! शास्त्र दोघांकडेही होते, ऐकून घेण्याची सवय एकाकडेही नव्हती. मायपिठे आणि कोरे असे दोन पंथ पडले. मायपिठे खालच्या आळीत, कोरे वरच्या आळीत. विहिरी वेगळ्या झाल्या, स्मशाने वेगळी झाली. मायपिठ्यांची मुलगी कोऱ्यांच्या घरी दिली तर तिने दोन आळ्यांच्या शिवेवर थांबून मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, माहेरच्या भाकरीची चव तिथेच थुंकून टाकायची, आणि त्यानंतर माहेरचा उंबरा चढायचा नाही. ज्या भाकरीने सगळ्यांना एका पंगतीला बसवायचे, तिच्यावरूनच पंगत मोडली. हे लिहिताना आजही वाईट वाटते.

हन्नाबायने तरुणपणी अशीच चूळ भरली होती. ती गावाचे मायपीठ सांभाळणाऱ्या घरातली थोरली लेक. मडके खरे तर तिच्याकडे यायचे, पण ती वरच्या आळीत खोतांच्या घरी पडली आणि मडके धाकट्या सलोमीकडे गेले. सलोमीचा नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही. मग मडके हेच तिचे मूल झाले. थंडीत ती त्याला घोंगडीत गुंडाळी, उन्हाळ्यात ओल्या फडक्यात ठेवी. दोघी बहिणी एकाच गावात म्हाताऱ्या झाल्या, पण एकमेकींच्या घरी कधी गेल्या नाहीत. बाजारात भेटल्या तर मासळीचा भाव विचारल्यासारखे करून दोन शब्द बोलत.

हन्नाबायचा मुलगा याकोब खोत हा वरच्या देवळाचा मुख्य. तो वाईट माणूस नव्हता. हे सांगायलाच हवे, कारण गोष्टीतला माणूस वाईट निघाला की ऐकणारा सुटतो. याकोब गोरगरिबांना जेवू घाली, खोटे बोलत नसे, उपास काटेकोर पाळी. फक्त आपण चुकू शकतो हे त्याला कधी सुचले नव्हते. सलोमी त्याची सख्खी मावशी, पण तो तिला ‘मडकेवाली’ म्हणे. “तुमचा देव आंबला आहे,” असे तो भर बाजारात तिला म्हणाला होता, आणि लोक हसले होते. सलोमी मान खाली घालून निघून गेली होती.

महाराजांकडे तो एकदा बांधावर गेला. म्हणाला, “महाराज, तुम्ही दोन्हीकडचा प्रसाद घेता असं ऐकतो. तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?”

महाराज म्हणाले, “याकोबा, तुझी आई कोणत्या बाजूची?”

खोताला ते आवडले नाही. तो नमस्कार न करताच परतला.

त्याच उपासकाळाच्या शेवटी हन्नाबाय अंथरुणाला खिळली. पेज ठरेना, पाणी ठरेना. वैद्याने मान हलवली. प्रभूच्या दुःखाच्या आठवड्यातल्या मंगळवारी तिने सुनेला जवळ बोलावले. सून रिबका, मोठी समजूतदार.

“रिबके, एक मागू?” हन्नाबाय म्हणाली. “सलूच्या हातची आंबट भाकर दे गो मला. एकच घास. मग मी जाते.”

रिबकाने नवऱ्याला सांगितले. खोताच्या तोंडचे पाणी पळाले. कोऱ्यांच्या मुख्याची आई, आणि मरताना हे मागते! तो म्हणाला, “तापात बरळते आहे ती. बाहेर बोलू नकोस. आणि मला विचारल्याशिवाय तिच्या तोंडात काही घालायचं नाही.”

पण आळीत बातमी लपते थोडीच? ती सलोमीपर्यंत पोचली. तिने त्याच दिवशी गहू निवडून दळायला घेतले.

आता कोऱ्यांच्या दोन रीती सांगितल्या पाहिजेत. या आठवड्यात बुधवारी ते घरातले आंबट तेवढे बाहेर काढत, ताडी, शिरका, ताक, विरजणसुद्धा, आणि ओहोटीच्या पाण्यात सोडून देत. गुरुवारी, प्रभूने भाकर मोडली त्या दिवशी, सकाळी भरतीचे पहिले पाणी आणून त्यानेच प्रसादाचे पीठ मळत. विहिरीचे पाणी माणसाने अडवलेले, भरतीचे पाणी देवाने धाडलेले, असे ते म्हणत.

त्या बुधवारी खोताने स्वतःचे घर स्वच्छ केले, वरची आळी स्वच्छ केली आणि म्हणाला, “गावात एक मडकं आंबट असलं तरी गाव आंबटच.” आईचे मन त्या मडक्यात अडकले आहे, ते नाहीसे झाले की ती शांतपणे जाईल, असे त्याने मनाशी धरले होते. माणसे घेऊन तो खालच्या आळीत उतरला. खालचे पुरुष मिठागरावर कामाला होते. सलोमी काठवटीत पीठ काढून बसली होती, मायपिठाचे मडके शेजारी.

खोताने मडके उचलून वास घेतला आणि तोंड फिरवले. “ह्याच्यात देव राहतो होय? मग कधीच नासलाय तो.”

“खोत, चिमूटभर तरी काढून घेऊ द्या हो,” सलोमी म्हणाली. सख्ख्या भाच्याला ती ‘खोत’ म्हणत होती. “माझ्यासाठी नको. उद्या तिला भाकर धाडायची आहे. तिने मागितली आहे.”

हे त्याने ऐकले. नीट ऐकले, आणि तरी तो खाडीवर गेला. ओहोटीला जोर होता. त्याने मडके उपडे केले, पांढरा गोळा पाण्यात पडला, फुटला आणि वाहून गेला. सलोमी कमरेइतक्या पाण्यात जाऊन हातांनी पाणी चाचपत राहिली. तिच्या हाती काही लागले नाही.

ती ओल्या लुगड्यानिशी बांधावर महाराजांकडे आली. “महाराज, हजार वर्षं टिकलं, आणि माझ्या हातून गेलं. आता तिला काय देऊ?”

महाराजांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, “खाडीतच गेलं ना? खाडी काही परकी नाही, बाय. तू घरी जा आणि चूल पेटती ठेव.”

दिवस मावळता मावळता महाराज खाडीत उतरले. जिथे गोळा पडला तिथे छातीइतक्या पाण्यात उभे राहून, भाकर मोडण्याआधी म्हणतात ती प्रार्थना ते म्हणू लागले. जाळी आवरणाऱ्या कोळ्यांनी त्यांना पाहिले. पाणी फिरून भरती लागेपर्यंत महाराज हलले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते, आणि कोळ्यांनीच त्यांना घोंगडी पांघरून सलोमीच्या चुलीपाशी नेऊन बसवले.

गुरुवारी सकाळी वरच्या आळीच्या बाया भरतीचे पाणी घेऊन आल्या. देवळाच्या अंगणात चुली मांडल्या होत्या. कोऱ्यांचे पीठ मळले की लगेच तव्यावर जायचे, त्याला विसावा मिळता कामा नये. पण त्या दिवशी बाया मळताहेत तोच काठवटीतले पीठ त्यांच्या हातांखाली श्वास घेतल्यासारखे वर येऊ लागले. लाटावे तर फुगे, तव्यावर टाकावे तर दुप्पट होई. अंगणभर आंबूस, गोड वास सुटला. बाया हात वर करून मागे सरल्या.

खोत म्हणाला, “कोणीतरी लबाडी केली आहे. फेका ते.” नवे पीठ आणवले, नवे पाणी आणवले. तेही फुगले. तो म्हणाला, भांडी बाटलेली असतील. भांडी राखेने घासली. पुन्हा फुगले.

इकडे खोतांच्या घरीही तेच झाले होते. आजारी सासूजवळ थांबलेल्या रिबकाने घरच्यापुरते पीठ भरतीच्या पाण्यात मळले होते, आणि तव्यावर तिची भाकर टम्म फुगली होती. रिबका घाबरली, पण तिला उमगलेही. तिने शेजारणीला देवळात पाठवले. शेजारणीने येऊन विचारले, “घरीसुद्धा आंबट भाकर झाली आहे. सासूबाईंना देऊ का, म्हणून विचारलंय.”

खोताचे हात पिठात होते. तो वर न बघता म्हणाला, “काही देऊ नको म्हणावं. मी आल्यावर बघू.”

शेजारीण निरोप घेऊन गेली. आता खोत स्वतः मळू लागला. आपल्या हाताने पाणी घातले, आपल्या हाताने उंडा केला आणि तळव्याने दाबून धरला. उंडा त्याच्या तळव्याला हळूहळू वर ढकलू लागला. अंगणातले सगळे लोक बघत होते. तो वास त्याच्या नाकात गेला, आणि त्याला आई आठवली. लहानपणी तो बघायचा, आई रोज मळलेला उंडा तव्यावर टाकण्याआधी क्षणभर नाकाशी नेई. मग थापायला घेई. ती कसला वास शोधते, हे त्याने कधी विचारले नव्हते. एवढी वर्षे ती तोच वास शोधत होती आणि तिला तो मिळत नव्हता.

जवळच्या तव्यावरची एक भाकर उचलून खोत धावत सुटला. गावाने त्याला धावताना कधी पाहिले नव्हते.

रिबका उंबऱ्यात बसली होती. तिच्या मांडीवर ताटली होती आणि ताटलीत फुगलेली भाकर होती, न मोडलेली.

“वास आला तशा उठून बसल्या,” रिबका म्हणाली. “किती दिवसांनी उठून बसल्या. म्हणाल्या, सलू आली. हात पुढे केला. मी म्हटलं, आई, ते येऊ देत. तुमचाच निरोप होता ना तसा. त्या हात तसाच धरून बसल्या. मग हात खाली आला.”

याकोब आत गेला. आईचा तळवा उघडाच होता. त्याने त्यावर भाकर ठेवून बघितली, बोटे मिटवून बघितली. ती मिटली नाहीत.

दुपारी खोत खालच्या आळीत आला. आदल्या दिवशी माणसे घेऊन आला होता, आज एकटाच होता. एका हातात फडक्यात बांधलेली भाकर, दुसऱ्या हातात फुगलेल्या पिठाचा गोळा. सलोमीच्या दारात तो थांबला.

“मावशी,” तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता. “तुझं मायपीठ परत आलंय.”

सलोमीने गोळ्याकडे पाहिलेच नाही. “याकोबा, तिने खाल्ली का?”

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने मावशीच्या पायांवर डोके ठेवले. सलोमीला उत्तर कळले. तिने त्याला पटकन उठवले नाही, आणि त्याबद्दल तिला कोण बोल लावील? तिच्या डोळ्यांतले पाणी त्याच्या मानेवर पडत राहिले.

चुलीपाशी महाराज घोंगडीत बसले होते, अंगात ताप होता. खोत तसाच त्यांच्याकडे वळला. “महाराज, देवाने एवढा चमत्कार केला, मग आईला एक घास का मिळाला नाही?”

महाराज म्हणाले, “भाकर तुझ्या घरी वेळेवर पोचली होती, याकोबा. उशीर आपण केला.”

“आपण नाही. मी केला.”

“मीही केला,” महाराज म्हणाले. “मी रात्र पडेपर्यंत पाण्यात उभा राहिलो. त्याऐवजी तुझ्या दारात येऊन बसलो असतो, तर कदाचित तू काल रात्रीच ऐकलं असतंस. पाण्याची समजूत घालायला गेलो, माणसाची राहिली.” मग त्यांनी फडक्यातली भाकर चाचपली. “अजून कोमट आहे. ज्यांना खाता येतं त्यांना तरी वाटा. आणि सलूबायला तिच्या बहिणीकडे घेऊन जा.”

सलोमीने आधी गोळा मडक्यात ठेवला, मग ती भाच्याच्या हाताला धरून वर निघाली. शिवेवर मिठाच्या पाण्याचे भांडे ठेवलेले असे. खोताने ते पायाने बाजूला सारले. बहिणीच्या उशाशी बसून सलोमीने भाकर मोडली, एक घास तिच्या तळव्यावर ठेवला आणि उरलेली जमलेल्या दोन्ही आळ्यांना वाटली. त्या दिवशी कोणी कोऱ्याने नको म्हटले नाही.

पंथ एक झाले, असे मात्र समजू नका. मायपिठे आंबवत राहिले, कोरे कोरी भाजत राहिले, आणि वाद घालणारे वाद घालत राहिले. नव्या नवरीची चूळ तेवढी बंद झाली. याकोब खोत म्हातारा होईपर्यंत दर वर्षी त्या गुरुवारी खालच्या देवळाच्या दारात येई, पायरीवर डोके ठेवी आणि पहिली भाकर मोडेपर्यंत वर उचलत नसे. लोक त्याच्या नम्रतेची स्तुती करत. तो ती ऐकायला थांबत नसे.

दांडेखारमध्ये अजूनही घरात कोणी आजारी असले आणि त्याने काही खायला मागितले, तर देऊ का म्हणून विचारायला कोणी कोणाकडे जात नाही. आधी देतात, मग सांगतात.