टाळ्या उभ्यानंच पाहिजेत!

"टाळ्या पाहिजेत, आणि त्या उभ्यानंच पाहिजेत! बसून वाजवलेली टाळी म्हणजे डास मारल्यासारखी!"

तात्यासाहेब इंगवल्यांनी फर्मान सोडलं. तात्यासाहेब म्हणजे सिनेमाचे निर्माते. एकोणपन्नास सिनेमे काढले. त्यातले चार चालले, बाकीचे थेटरातल्या डोअरकीपरनं एकट्यानं पाहिले. पण एकाच धंद्यात माणूस चाळीस वर्षं टिकला, की त्याला जीवनगौरव द्यावाच लागतो. निर्मात्यांच्या मंडळानं तो दिला. गेल्या साली हाच पुरस्कार बापूसाहेब नावाच्या निर्मात्याला मिळाला होता, आणि तेव्हा म्हणे अख्खं सभागृह उठून उभं राहिलं होतं. तेव्हापासून तात्यासाहेबांच्या पोटात दुखत होतं.

समारंभ परवावर आला. तात्यासाहेबांनी स्टुडिओतलं शूटिंग बंद ठेवून टाळ्यांची तालीम लावली. "अ‍ॅक्शन!" म्हटलं की दोनशे माणसं उठायची आणि टाळ्या वाजवायची.

"कट! चेहऱ्यावर आदर कुठाय? तेराव्याला जेवायला आलाय का? पुन्हा!"

असं अकरा वेळा झालं. कपडेपट सांभाळणारी हौसाक्का दारात उभी राहून एका केसांच्या टोपाला कंगवा करत होती. ती फिस्सकन हसली.

"कोण हसलं?"

"मी, मालक. मागून घेतलेली टाळी म्हणजे भीकच की!"

मॅनेजर घाटग्यांनी डोळे मिटून घेतले. तात्यासाहेब लाल झाले. "एवढी अक्कल आहे ना? मग तालीम बंद, तूच उठव लोकांना! कुणाला आधी सांगायचं नाही, कसली लालूच दाखवायची नाही!"

घाटग्यांना वाटलं आपण मदत करावी. "साहेब, खुर्च्याच मांडू नयेत."

"मग उभे राहणार नाहीत तर काय टांगून घेणार?"

"राष्ट्रगीत लावू."

"ते देशासाठी उठतील!"

"जेवण तयार आहे म्हणू."

"ते मटणासाठी उठतील! मी बोललो की माझ्याकडं बघून उठले पाहिजेत. नाही उठले, तर हौसे, कपडेपटाच्या किल्ल्या खाली ठेवायच्या आणि मागची खोली रिकामी करायची!"

हौसाक्काचं हसू जागच्या जागी वाळलं. सव्वीस वर्षं ती त्या खोलीत राहत होती. दुसरं घर तिला नव्हतं. पण तिनं मान खाली घातली नाही. "बरं," एवढंच म्हणाली.

समारंभ सकाळी दहाला सुरू झाला. पुढच्या रांगांत निर्माते, मागं स्टुडिओची दोनशे माणसं. ती प्रेमानं आली नव्हती. 'जो येणार नाही त्याला काम नाही' अशी पाटीच लावली होती. आणि समारंभ संपला की पुन्हा शूटिंगला जुंपायचं होतं. पहिल्या पाहुण्यानं तात्यासाहेबांना वटवृक्ष म्हटलं, दुसऱ्यानं दीपस्तंभ म्हटलं. तिसऱ्याला काही उरलं नाही, म्हणून तो थेट हिमालयावर गेला. मानपत्र सहा पानांचं. ते संपलं तेव्हा दीड वाजला होता. मग शाल झाली, पितळी पुतळा हातात आला, टाळ्या पडल्या. सगळ्या बसल्या बसल्या!

तात्यासाहेबांचं तोंड कडू झालं. त्यांनी भाषणाचे कागद काढले. एकतीस पानं! तेवढ्यात फेटा नीट करायच्या निमित्तानं हौसाक्का जवळ आली.

"मालक, कागद इकडं द्या."

"का?"

"हे वाचलंत तर उभं राहायची ताकदच उरायची न्हाई कुणात. एकच शब्द बोला." तो तिनं कानात सांगितला.

तात्यासाहेब भडकले. "अगं, तो शब्द मी उभ्या जन्मात तोंडातून काढला नाही!"

"म्हणून तर!"

खरंच होतं ते. कुठल्याही स्टुडिओत दिवसाचं काम संपलं की "पॅक अप!" अशी हाक देतात. इथं ती द्यायचा हक्क फक्त तात्यासाहेबांना होता, आणि तात्यासाहेब ती कधी देतच नसत. उजेड असला की म्हणत, "अजून उजेड आहे." उजेड गेला की म्हणत, "दिवे काय शोभेला आहेत?" मग एकेक जण भिंतीवरून उडी मारून घर गाठायचा.

तात्यासाहेबांनी माइक धरला. डोळे मिटले.

"पॅक अप!"

क्षणभर कुणाचा कानांवर विश्वासच बसेना. मग खाडकन दोनशे खुर्च्या वाजल्या! शिट्ट्या, आरोळ्या, टाळ्यांचा कडकडाट! म्हातारा लाइटवाला दौलू धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत टाळ्या वाजवत होता. भाषण टळलं म्हणून पुढचे निर्मातेही उठले, आणि सगळ्यात आधी उठले ते बापूसाहेब!

तात्यासाहेब फुलले. आणि लगेच आक्रसले. "हौसे, फसवलंस! हे घरी जायला उठलेत, माझ्यासाठी नव्हे! ठेव किल्ल्या!"

"मालक, घरी जाणारा माणूस चपला हुडकतो, टाळ्या वाजवत न्हाई! दारं सताड उघडी हाईत. एक तरी तिकडं वळलाय का, बघा!"

तात्यासाहेबांनी पाहिलं. एकही वळला नव्हता.

"मग थांबलेत कशाला?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्याकडचा डायलॉग आवडलाय त्यांना! वन्स मोअर पाहिजे!"

आणि खरोखरच मागून ओरडा झाला, "वन्स मोअर!"

तात्यासाहेबांचं पोट आधी हललं, मग खांदे, मग ते असे गदगदून हसले की फेटा सुटून गळ्यात आला. हसत हसतच त्यांनी तो शब्द पुन्हा ठणकावला. आपल्या अंगावरची शाल काढून हौसाक्काला पांघरली आणि पुतळाही तिच्या हातात द्यायला निघाले.

"ह्यो नको मालक. ठेवू कुठं? खोली रिकामी करायला सांगितलीया नव्हं?"

"खोली तुझी! हयातभर तुझी!" तात्यासाहेब माइकमध्ये गरजले. "आणि ऐका रे! उद्यापासून सहाच्या ठोक्याला पॅक अप म्हणायचा मान हौसाक्काचा! तिनं म्हटलं की मीसुद्धा उठणार!"

लोक उभेच होते. ते आता खुर्च्यांवर चढले.