चिंगीचा आंबट घड

डोंगरावर एक गाव. गार गार गाव. सकाळी धुकं, दुपारी वारा, दात वाजतात कडकड कडकड.

गावात एक घर. घराच्या भिंतीवर द्राक्षाची वेल. वेलीवर राहायची चिंगी. चिंगी म्हणजे इवलासा हिरवा पक्षी. डोळ्यांभोवती पांढरं कडं, चष्मा घातल्यासारखं.

वेल म्हणाली होती, "चिंगे, माझे किडे वेच. तुला एक घड देईन. गोड गोड."

चिंगीनं किडे वेचले. टिप टिप टिप. सगळे वेचले. मग घड खायला गेली. टोच!

"ईईई! आंबट ढाण!"

चिंगी म्हणाली, "वेली वेली, माझा घड गोड कर!"

वेल म्हणाली, "ऊन आलं तर करीन. लवकर हं! दाट धुकं उतरलं की घड सडतो."

टुणुक टुणुक, चिंगी गेली उन्हाकडे.

"उन्हा उन्हा, ये! वेल पिकवेना, माझा घड गोड होईना!"

ऊन म्हणालं, "येऊ कुठून? पानंच पानं! पानं सरकली तर येईन."

टुणुक टुणुक, चिंगी गेली पानांकडे.

"पानांनो, सरका! ऊन येईना, वेल पिकवेना, माझा घड गोड होईना!"

पानं म्हणाली, "सळसळ! पाहुणे आम्हालाच बघतात. म्हणतात, वा वा, काय हिरवीगार वेल! कात्रीनं कापलं तरच सरकू."

टुणुक टुणुक, चिंगी गेली कात्रीकडे. कात्री खिळ्यावर. गंजलेली.

"कात्री कात्री, काप! पानं सरकेनात, ऊन येईना, वेल पिकवेना, माझा घड गोड होईना!"

कात्री म्हणाली, "कर्र! आजोबा उठले तर कापीन."

टुणुक टुणुक, चिंगी गेली आजोबांकडे. आजोबा खुर्चीत. अंगावर शाल, डोक्यावर कानटोपी.

"आजोबा आजोबा, उठा! कात्री कापेना, पानं सरकेनात, ऊन येईना, वेल पिकवेना, माझा घड गोड होईना!"

आजोबा म्हणाले, "हूं! वेल मी लावली! मी! आजवर एक पान कापू दिलं नाही. आणि गोड काय? द्राक्षं आंबटच असतात! आजीनं सांगितलं तर उठीन."

टुणुक टुणुक, चिंगी गेली आजीकडे.

"आजी आजी, सांग! आजोबा उठेनात, कात्री कापेना, पानं सरकेनात, ऊन येईना, वेल पिकवेना, माझा घड गोड होईना!"

आजी म्हणाली, "मी कशाला वाईटपणा घेऊ? आमच्या थोरल्याला विचार. तो हो म्हणाला तर सांगीन."

टुणुक टुणुक, चिंगी गेली थोरल्या काकांकडे. काका चहा पीत होते. फुर्रर्र, फुर्रर्र.

"काका काका, हो म्हणा! आजी सांगेना, आजोबा उठेनात, कात्री कापेना, पानं सरकेनात, ऊन येईना, वेल पिकवेना, माझा घड गोड होईना!"

काका म्हणाले, "मी? बाबांच्या आधी मी बोलू? शोभतं का? बाबा उठले तर हो म्हणेन."

चिंगी थांबली. आजोबा आजीसाठी अडलेत. आजी काकांसाठी अडलीय. काका आजोबांसाठी अडलेत.

"म्हणजे कोणीच काही करणार नाही! आणि हे म्हणे मोठे!"

भुर्रर्र! टोच! काकांच्या नाकावर.

"आई गं!"

टोच!

"हो गं बाई, हो! कापा ती पानं!"

काका हो म्हणाले. आजीनं सांगितलं, "अहो, उठा!" आजोबा उठले, कण्हत कण्हत. कात्रीनं कापलं, कर्र कच कच. पानं सरकली. ऊन आलं. आज आलं, उद्या आलं, परवाही आलं. वेलीनं घड पिकवला. हिरवा घड जांभळा झाला.

लगेच सगळे वाट्या घेऊन हजर!

"वेल मी लावली!" आजोबा म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून!" आजी म्हणाली.

"मी हो म्हणालो म्हणून!" काका म्हणाले.

मग काका म्हणाले, "बाबा, आधी तुम्ही घ्या."

"छे, आधी तुझ्या आईला दे."

"अगंबाई, आधी थोरल्याला!"

चिंगीनं कोणाला विचारलं नाही. टोच! गोड! टोच टोच! गोड गोड! गट्टम!

घड संपला, गोष्ट संपली.
मोठे अजून तिथेच उभे.
"आधी तुम्ही."
"छे छे, आधी तुम्ही!"