शेवंताक्कांचा गिअर

“मग सांगा ना उस्ताद, अजून काय शिकायचं राहिलंय माझं?”

हेरंब लाड हे तिसऱ्यांदा विचारत होता. शमसू उस्ताद चाकाच्या तारा ताणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

उस्तादांचं सायकलचं दुकान पिंपरखिंड घाटाच्या अगदी पायथ्याशी. तरुणपणी शर्यती मारलेला माणूस, आता सत्तरीला आलेला. हेरंब इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आला होता. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं. तालुक्याला स्वतःचं दुकान टाकायचं त्याने ठरवलं होतं. जागाही बघून ठेवली होती. फक्त उस्तादांनी ‘जा’ म्हणायचं बाकी होतं.

उस्तादांनी पाना खाली ठेवला. दाराशी उभ्या असलेल्या सायकलकडे बोट केलं.

“तिचा गिअर निवड.”

“एवढंच?”

“एवढंच.”

सायकल शेवंताक्कांची होती. वीस वर्षं जुनी, रंग उडालेली. शेवंताक्का घाटावरच्या चार वाड्यांचं टपाल वाटायच्या. रोज सकाळी वर चढायचं, दुपारी उतरायचं. काल वाटेत मागच्या चाकात काटकी अडकली आणि डिरेलर मोडला. साखळीला एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा, चाकाशी लोंबणारा तो भाग तुटून हातात आला होता. अक्कांनी तो पिशवीत घालून आणला होता.

त्या बाकावर बसल्या होत्या. टपालाची थैली मांडीवर, हात थैलीखाली.

“दादा, जुना गिअर ना, जरा…”

“जुनं विसरा आता, अक्का,” हेरंब हसून म्हणाला. “असा बसवतो की घाट सपाट वाटेल.”

अक्कांनी थैली मांडीवर आणखी जवळ ओढली.

हेरंबने काम नेटकं केलं. मागच्या चक्र्या मोजल्या, सात. सगळ्यात मोठीचे दात मोजले, अठ्ठावीस. साखळी किती झिजली ते पाहिलं. डिरेलर जिथे अडकवायचा तो लोखंडी कान किंचित वाकला होता, तो सरळ केला. हे तर भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. मग फळीवरच्या सहा खोक्यांतून त्याने एक काढलं.

“हा. मोठ्या चक्रीपर्यंत आरामात पोहोचतो. हँडलवरची जुनी कळ याला चालते. आणि स्प्रिंग अशी घट्ट आहे की खड्ड्यात आदळली तरी साखळी उडणार नाही. घाटासाठी याच्यापेक्षा चांगला गिअर आपल्याकडे नाही.”

उस्तादांनी डिरेलर हातात घेतला. उलटापालटा केला.

“चांगलाय.”

हेरंबचा चेहरा उजळला.

“सगळं बघितलंस?”

“सगळं.”

“…सगळं?”

“एकूण एक, उस्ताद.”

“बसव मग.”

अर्ध्या तासात सायकल तयार झाली. हेरंबने ती उभी करून पायडल फिरवलं. साखळी एकेका चक्रीवर चढत गेली, उतरत आली. कुठे खडखड नाही. दुकानासमोर घाटाचा पहिला चढ सुरू होतो.

“तिथवर चालवून बघा, अक्का.”

शेवंताक्का निघाल्या. चढ लागला तशी त्यांनी उजव्या हाताने गिअरची कळ ढकलली. कळ हलली नाही. त्यांनी पुन्हा ढकलली. खांदा लावून ढकलली. सायकल डुगडुगली आणि अक्का खाली उतरल्या.

तेव्हा हेरंबला दिसलं. अक्का अंगठ्याने ढकलत नव्हत्या. तळहाताच्या टाचेने ढकलत होत्या. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं काठीसारखी ताठ होती.

अक्का सायकल हातात धरून परत आल्या.

“लहानपणी कडबाकुट्टीत गेला होता हात,” त्या म्हणाल्या. जणू चूक त्यांचीच होती. “असू द्या दादा. होईल सवय.”



उस्ताद उठले. जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली. हेरंबचा उजवा हात धरला आणि त्याचा अंगठा व दोन बोटं पट्टीने आवळून बांधली. गच्च.

“पहिल्या वळणापर्यंत जा.”

“याच सायकलवर?”

“मग कुठल्या?”

उस्तादांनी अक्कांच्या थैलीकडे हात केला. अक्कांनी थैली छातीशी धरली.

“ही नाही द्यायची हं, चाचा. सरकारी टपाल आहे.”

“खरंय,” उस्ताद म्हणाले. त्यांनी एका पिशवीत भंगारातल्या लोखंडी चक्र्या भरल्या, दोन्ही हातांनी वजनाचा अंदाज घेतला आणि पिशवी हेरंबच्या खांद्याला अडकवली.

हेरंब गेला.

पहिली पन्नास पावलं जोरात गेला. मग चढ उभा झाला. त्याने तळहाताने कळ दाबली. स्प्रिंगने ती परत रेटली. पुन्हा दाबली. हाताच्या टाचेचं सालटं निघालं, पण साखळी जड चक्रीवरून हलेना. त्याच जड गिअरमध्ये तो उभा राहून पायडल मारत राहिला. मांड्या पेटल्या. डांबरापलीकडे दरी होती आणि सायकल वेडीवाकडी जात होती. एका ठिकाणी तो उतरला. बसला. कोणी बघत नव्हतं, तरी त्याला लाज वाटली.

त्याला आठवलं, सकाळी अक्का काहीतरी सांगत होत्या.

वळणापर्यंत तो पोहोचला, पण चालत. तिथून खालीही चालतच आला.

दुकानात अक्का आणि उस्ताद चहा पीत होते. हेरंबने सायकल भिंतीला टेकवली आणि अक्कांसमोर जमिनीवर बसला.

“अक्का, जुना गिअर कसा होता? सांगत होतात ना तुम्ही.”

“जुना?” अक्का हसल्या. “लोण्यासारखा. मनगट नुसतं टेकवलं की जायचा. खडखडायचा मेला, खड्ड्यात साखळीपण पडायची कधी कधी. पण साखळी काय, डाव्या हाताने बसवता येते मला.”

“अजून काय?”

अक्का सांगत राहिल्या. कुठल्या वाडीच्या अलीकडे चढ सगळ्यात वाईट आहे. पावसात कळ कशी घसरते. सातांपैकी चारच गिअर त्या वापरतात. हेरंब ऐकत राहिला. चहा आला तो निवला.

मग तो मागच्या खोलीत गेला. तिथल्या पिंपात उस्तादांनी वर्षानुवर्षं काढून ठेवलेले जुने डिरेलर होते. हाताची पट्टी त्याने सोडली नव्हती. एकेक डिरेलर काढायचा, शिकंज्यात धरायचा, तळहाताच्या टाचेने ढकलून बघायचा. पहिला घट्ट. दुसरा मोकळा, पण मोठ्या चक्रीपर्यंत पोहोचणार नाही असा. तिसरा, चौथा, पाचवा… सहावा गंजका होता. त्याने तो रॉकेलमध्ये धुतला, तेल सोडलं, पुन्हा ढकलला.

गेला. लोण्यासारखा.

तेवढं झाल्यावर त्याने पट्टी सोडली आणि डिरेलर सायकलला बसवला. कळीपासून डिरेलरपर्यंत जाणारी तार नवी घातली, म्हणजे ओढ आणखी हलकी होईल. कळीच्या टोकावर ट्यूबचा तुकडा चढवला, पावसात हात घसरू नये म्हणून. नवा डिरेलर पुसून खोक्यात घातला आणि खोकं फळीवर ठेवलं.



शेवंताक्का थैली अडकवून निघाल्या. चढ लागला. त्यांचं मनगट कळीवर टेकलं. खट्… साखळी वर चढली. खडखड झाली जराशी. अक्कांची पाठ सरळच राहिली. त्या चढत गेल्या, वळणावर पोहोचल्या आणि दिसेनाशा झाल्या. मागे वळून त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहतील? उशीर झाला होता.

हेरंब बराच वेळ त्या वळणाकडे पाहत उभा होता. सोललेला तळहात चुरचुरत होता, पण मन शांत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटलं, आता खरंच येतंय आपल्याला.

तो उस्तादांसमोर जाऊन उभा राहिला.

“समजलं, उस्ताद. यापुढे गिऱ्हाईक आलं की हत्यार नंतर. आधी त्याचे हात बघेन.”

उस्तादांनी चाकाची तार वाजवून पाहिली. सूर लागला होता.

“पुढच्याचे हात धड असतील,” ते म्हणाले. “तेव्हा काय बघशील?”