वल्ह्यावरचा लाल रुमाल

"पण थांबतात कशासाठी, बाबा? त्यात फायदा काय?"

शहरातून आलेल्या कौस्तुभनं तिसऱ्यांदा विचारलं. हरबा तांडेल फाटलेलं जाळं सांधत बसले होते. साठ वर्षं दर्यावर काढलेला माणूस. गावातले बाराही होडीवाले त्यांच्याच हाताखाली तयार झालेले.

गावची रीत अशी, की बारावी होडी नजरेस पडेपर्यंत बाकीच्या अकरांपैकी एकीनंही खाडीत शिरायचं नाही. ओहोटी लागो, मासळी नासो, थांबायचं म्हणजे थांबायचं.

कौस्तुभनं प्रत्येक होडीसाठी एक एजंट बनवला होता. एजंट म्हणजे स्वतःच्या अकलेनं निर्णय घेणारा प्रोग्रॅम. जाळं कुठं टाकायचं, माघारी कधी फिरायचं, हे तोच सांगणार. गावची कोणती रीत पाळायची आणि कोणती नाही, तेही त्याचं तोच ठरवणार. परवा हे बारा एजंट होड्यांवर चढायचे होते. आणि कॉम्प्युटरवरच्या दर चाचणीत अकरा होड्या खाडीत शिरत होत्या, एक बाहेर राहत होती.

"माझा एजंट तीन गोष्टी बघतो," कौस्तुभ जरा ऐटीत म्हणाला. "बाकीचे रीत पाळतात का? मोडली तर शिक्षा काय? आणि पाळून मला काय मिळणार?"

"पाळतात सगळेच," तांडेल म्हणाले. "शिक्षा काही नाही. मिळत पण काही नाही."

"मग तो कशाला थांबेल?"

"भलताच शहाणा आहे की रे तुझा एजंट!"

"चेष्टा नका करू, बाबा. उद्या एक माणूस जरी दर्यात राहिला ना, तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

तांडेलांनी दोरा दातानं तोडला.

"उद्या काशिनाथच्या होडीत जा. तुझा एजंट घेऊन जा."

बस्स, एवढंच बोलले.

काशिनाथच्या होडीचं इंजिन मुळातच रडकं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते बंद पडलं. किनारा दिसेना, मोबाइलला रेंज नाही. काशिनाथनं डोक्याचा लाल रुमाल सोडून वल्ह्याला बांधला आणि वल्हं कौस्तुभच्या हातात दिलं.

"उंच धरा, साहेब. शोधायला येतील त्यांना लांबून दिसलं पाहिजे. मी इंजिन बघतो."

कौस्तुभनं धरलं. दहा मिनिटं... वीस मिनिटं... खांदे भरून आले. मग त्याची नजर सोबत आणलेल्या टॅबच्या पडद्यावर गेली. एजंटनं अंदाज बांधून सांगितलं होतं, ओहोटी लागली, बाकीच्या होड्या आत गेल्या असणार, बाहेर कोणी नसणार, दमू नका.

त्यानं वल्हं खाली ठेवलं.

"काशिनाथ, उगाच कशाला दमायचं? कोणी नाहीये रे..."

काशिनाथनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. इंजिन तसंच टाकून तो उठला, वल्हं उचललं आणि उंच धरून उभा राहिला.

कौस्तुभ होडीच्या तळाशी बसून राहिला. आईची आठवण आली आणि एवढा मोठा माणूस, पण त्याला रडू फुटलं.

दीड तासानं दोन होड्या शोधत आल्या.

खाडीच्या तोंडाशी उरलेल्या नऊ उभ्याच होत्या. ओहोटीनं वाट बंद झालेली, टोपल्यांतली मासळी मऊ पडलेली. कोणी कुरकुर केली नाही. कोणीतरी ओरडून विचारलं, "पाणी प्यालात का रे?"

संध्याकाळच्या भरतीबरोबर बाराही होड्या आत आल्या. कौस्तुभ ओल्या कपड्यांनीच तांडेलांकडं गेला आणि त्यांच्या पायाशी बसला.

"बाबा, ते थांबले होते."

"हं."

"उद्याचं सगळं रद्द करतो. लागतील तेवढे दिवस लागू देत. पण एजंटला थांबायला कसं शिकवू, ते सांगा."

"वल्हं कोणी धरलं होतं?"

"काशिनाथनं."

"आणि तू?"

"मी... खाली ठेवलं."

"का?"

"वाटलं, कोणी नसेलच..."

तांडेलांनी जाळ्यातला हात काढून कौस्तुभच्या पाठीवर ठेवला.

"थांबायचं मागाहून बघू. आधी त्याला वल्हं उंच धरायला शिकव."