स्वयंपाकघरातून ऐकलेली लाल गिटार

एकदा एक गिटारवादक थकला. त्याला ताप आला नव्हता, हातपायही धड होते. पण वीस वर्षं लग्नाच्या मांडवांत तीच ती गाणी वाजवून माणसाचं जे होतं, ते त्याचं झालं होतं. हा थकवा तुम्हालाही ठाऊक असेल, मला तर चांगलाच ठाऊक आहे. झोप काढून तो जात नाही. मग माणूस हातातल्या वस्तूवर राग काढू लागतो.

या वादकाचं नाव जेरोम. वसईकडच्या एका गावात बावतीस मास्तरांचा बँड होता, त्यात तो वाजवायचा, आणि वाजवायचा तीही मास्तरांचीच गिटार. स्वतःची बोटं आखडली तेव्हा मास्तरांनी ती शिष्याच्या गळ्यात घातली होती. इलेक्ट्रिक गिटार होती, विलायती, इंग्लंडात बनलेली. पण विलायती म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तसला थाट तिला नव्हता. लाकूड हलकं, लाल रंग कडांना उडालेला, एक बटण चिकटपट्टीने जागेवर धरून ठेवलेलं. आवाज बारीक आणि स्वच्छ, वाजला की लगेच विरणारा.

एका व्यापाऱ्याची तिच्यावर नजर पडली. असल्या जुन्या, साध्या इंग्लिश गिटारींना आता दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायला शौकीन मिळतात म्हणे. तिच्या बदल्यात तो एक कोरी करकरीत अमेरिकन गिटार द्यायला तयार होता. आठवडाभर वाजवून बघा, म्हणाला, रविवारी चार वाजता येतो आणि जुनी घेऊन जातो. जेरोमने मास्तरांना विचारलं. मास्तर एवढंच म्हणाले, "गिटार तुझी आहे. पण ती जायच्या आधी एकदा तालमीला दोन्ही आण."

रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये तालीम झाली. नव्या गिटारीचा पहिला सूर निघाला आणि जेरोमच्या अंगावर काटा आला. काय तो भरदार आवाज! सबंध हॉल त्या सुराने भरून गेला. कित्येक वर्षांत वाजवताना तो हसला नव्हता, त्या दिवशी हसला.

गाणं संपलं तेव्हा इनासबाबांनी आपलं व्हायोलिन पेटीत ठेवलं. इनासबाबा बँडमधले सर्वांत वृद्ध. जेरोमला लहानपणी सूर ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं. घरी एकटे असत. तालमीला येणं हेच त्यांचं आठवडाभराचं बाहेर पडणं. ते हळूच म्हणाले, "मास्तर, मी आता येत नाही. माझं मलाच ऐकू येत नाही. तुम्हाला उगाच अडचण कशाला?"

वय झालं, असं सगळ्यांनी मनाशी धरलं. जेरोमलाही वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याचं चित्त गिटारीवर होतं. त्याने विचारलं, "मास्तर, सांगा ना, कशी वाटली?"

मास्तर सावकाश उठले. त्यांनी जेरोमच्या गळ्यातली नवी गिटार काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "तू जा, स्वयंपाकघरात जाऊन बस."

"स्वयंपाकघरात? आणि काय करू तिथं?"

"लसूण सोल. उद्याच्या लग्नाचं काम चाललंय, माणसं कमी आहेत."

पोरं फिदीफिदी हसली. जेरोमचा चेहरा उतरला. वीस वर्षं वाजवल्यावर लसूण सोलायचा? पण मास्तरांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. तो गेला. मागून त्याने ऐकलं, मास्तर सांगत होते, "बाबा, पेटी उघडा. एकच गाणं, दोनदा. मग खुशाल घरी जा."

हॉलला लागून असलेल्या त्या स्वयंपाकघरात नातालबाई मसाला निवडत होती. तिने काही न विचारता लसणाची परात जेरोमकडे सरकवली. हॉलमध्ये गाणं सुरू झालं. मास्तरांच्या आखडलेल्या बोटांना जेमतेम तीन कॉर्ड जमत होत्या, तरी गिटार दणदणीत ऐकू येत होती. ड्रमही येत होता. दुसऱ्या कडव्याला चाल व्हायोलिनकडे जाते, जेरोम त्याची वाट पाहत राहिला. व्हायोलिन आलंच नाही. म्हाताऱ्याने सोडलं वाटतं, असं म्हणून त्याने दारातून डोकावलं, तर इनासबाबांचा गज तारांवर वरखाली चालला होता. म्हातारा जीव तोडून वाजवत होता.

गाणं थांबलं. मास्तरांचा आवाज आला, "आता लाल द्या. आवाजाचा नॉब आहे तिथंच ठेवा, कुणी हात लावू नका."

पुन्हा तेच गाणं. गिटार आता खालून बारीक टिपं घालत होती. दुसरं कडवं आलं आणि नातालबाईने मान वर केली. "अगोबाई, इनासबाबा आले वाटतं! मघाशी कुठं होते?"

व्हायोलिन किंचित थरथरत होतं, दमलेलं होतं, पण गाणं तेच म्हणत होतं. सोललेली पाकळी हातात धरून तो तसाच बसून राहिला.

थोड्या वेळाने मास्तर आत येऊन त्याच्या शेजारी टेकले. त्यांनाही धाप लागली होती.

"पूर्वी आपल्या बँडची रीत होती," ते म्हणाले. "दर तालमीला एकाने वाद्य ठेवून इथं बसायचं आणि गाणं सगळं पोचतंय का ते ऐकायचं. आपण कंटाळलो, रीत सुटली. ती नवी गिटार वाईट नाही रे, एकटी वाजवली तर राणी आहे. लाल गिटारीच्या खोडी मी तीस वर्षं सोसल्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडातल्या पोरांना अमेरिकेची गिटार मिळत नव्हती, परवडतही नव्हती. मग तिथल्याच कारागिरांनी मिळेल त्या लाकडाची बनवली, कामावरून दमून आलेल्या पोरांनी चौघांत बसून वाजवावी म्हणून. सगळी जागा भरायची ताकद तिच्यात नाही, म्हणून शेजाऱ्याला जागा उरते. तू दमलायस हे मला दिसतं. दमलेल्या माणसाला मोठा आवाज हवासा वाटतो. पण तुझ्या शेजारी तुझ्याहून दमलेला माणूस उभा होता, जेरोम."

चार वाजता बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. जेरोमने नवी गिटार पुसली, खोक्यात ठेवली आणि व्यापाऱ्याला परत दिली. व्यापारी चुकचुकला, असा सौदा पुन्हा मिळणार नाही म्हणाला. ते खरंच असेल. जेरोमचा थकवाही काही त्या दिवशी गेला नाही. उद्या पुन्हा तेच मांडव होते, तीच गाणी होती.

आपणही घरी, कचेरीत वर्षानुवर्षं वाजवत असतो आणि शेजारचं कुणी गप्प झालं की त्याचं वय झालं म्हणून मोकळे होतो. अधूनमधून उठून स्वयंपाकघरात जाऊन बसावं.

इनासबाबा पेटी उचलून दाराकडे निघाले होते. जेरोमने ती त्यांच्या हातातून घेतली.

"उद्या पाच वाजता न्यायला येतो, बाबा. तयार राहा."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग नाक आक्रसलं. "येशील तेव्हा हात धुऊन ये. लसणाचा वास मारतोय."