राणीच्या नावाने

राणीच्या हुकमाला कधी 'का' म्हणून विचारायचं नसतं, हे हिरड्याच्या ढोलीत जन्मलेल्या प्रत्येक माशीला पंख वाळायच्या आधीच सांगितलं जाई. फार पूर्वीची ही गोष्ट. ढोलीत मधाची सात पोळी होती आणि राणी एकच. दाराची राखण सगळ्यांनी मिळून करायची आणि मध ज्या त्या पोळ्याने आपला सांभाळायचा, असं ठरलेलं होतं. कारभार मधल्या पोळ्यावरच्या थोरल्या माश्या बघत.

एका पावसाळ्यात त्यांचा मध संपला. त्या सातव्या पोळ्यावर येऊन म्हणाल्या, "सगळा मध काढा. राणीचा हुकूम आहे."

तिथे दुर्वा नावाची तरुण माशी अळ्यांना भरवत होती. मध गेला तर त्या मरणार होत्या. ती तडक राणीकडे गेली.

"राणीसाहेब, हा हुकूम तुम्ही दिलात?"

"मी आजवर एकही हुकूम दिलेला नाही, बाळ. थोरल्या ठरवून आणतात आणि मी मान हलवते. माझं काम तेवढंच."

दुर्वा परत आली. "राणीसाहेब नुसती मान हलवतात. ठरवता तुम्ही."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे," थोरली म्हणाली. "पण बोलून दाखवायचं नसतं, पोरी."

"मग मध मिळणार नाही. हवा असेल तर आमच्या पोळ्याला विचारा, आणि स्वतःच्या नावाने मागा."

थोरल्या माश्या एकमेकींकडे बघत राहिल्या. स्वतःच्या नावाने काही मागायची सवय त्यांच्यातल्या एकीलाही नव्हती.