म्हाताऱ्या कोंबडीची आंघोळ

जंगलातल्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, आणि तिथला कोल्हा दरवेळी कसा फजीत होतो हेही तुम्हाला पाठ असेल. म्हणून ही गोष्ट जंगलातली नाही, एका परसातली आहे. त्या परसात एक म्हातारी कोंबडी राहत असे. तिने जन्मभर इतकी अंडी घातली होती की मी मोजायला बसलो तर चुकेन आणि तुम्ही हसाल. पण आता ती आजारी होती. तुरा फिका पडला होता. पिसं फुलवून, मान आत घालून ती दिवसभर खुराड्याच्या दाराशी बसून असे.

सोमवारी सकाळी घरची मालकीण तिच्याकडे बघून म्हणाली, “बुधवारी बाजाराला जायचंय. तोवर ही चालतीफिरती झाली तर राहू दे बापडी. नाहीतर हिलाही टोपलीत घालीन.” हे सगळ्या परसाने ऐकलं. बाजाराला गेलेली कोंबडी परत आलेली कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे सगळे घाबरले आणि कोंबडीची सेवा सुरू झाली. अशी सेवा तुमच्या वाट्याला न येवो.

आधी शेळी आली, तोंडात कडुलिंबाची डहाळी घेऊन. “खा. कडू आहे म्हणजे गुणकारी आहे. मी रोज खाते, माझी तब्येत बघ.” कोंबडी म्हणाली, “अगं, मला...” पण तेवढ्यात पाला चोचीत गेला. दातांचा डॉक्टर आपल्या तोंडात बोटं घालून ‘कसं वाटतंय’ विचारतो ना, तसंच झालं. फक्त शेळीने विचारलंही नाही. मग बदक आलं. “अंगाला पाणी नाही, तेच हे दुखणं,” असं म्हणत त्याने तिला ढकलत ढकलत डबक्यात नेलं आणि मनसोक्त बुचकळलं. ती बाहेर येऊन कुडकुडत उभी, तोच कोंबडा पुढे झाला. “हिला हुशारी वाटली पाहिजे,” असं म्हणून तो तिच्या कानाशी सात वेळा आरवला. कोंबडी थरथरली. कोंबड्याला वाटलं, गुण आला.

मंगळवारी दुपारी कोंबडी आडवीच झाली.

परसात एक कुत्राही होता. तो इतका आळशी की नाकावर माशी बसली तर ती आपण होऊन उडायची वाट बघे. कोपऱ्यात आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती. सकाळी ती विझली की तिच्यासमोर काढलेली राख दिवसभर कोमट राही, आणि कुत्रा दिवसभर त्या राखेत पडून राही. शेळी त्याला म्हणाली, “आम्ही इथे मरमर मरतोय आणि तू पडून आहेस. लाज कशी वाटत नाही रे?”

“वाटते गं,” कुत्रा पडल्यापडल्या म्हणाला. “पण मला औषधातलं काही कळत नाही. तिलाच विचारतो. आजी, तुला काय हवंय?”

दोन दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

कोंबडीने एक डोळा उघडला. “मेल्या, कालच विचारायचंस. पिसवा झाल्यात अंगभर, डोळ्याला डोळा लागू देत नाहीत. आम्हा कोंबड्यांची आंघोळ पाण्याने नसते, राखेने असते. मला कोमट राखेत लोळायचंय.”

“मग लोळ की.”

“कशी लोळू? तू बसलायस तिच्यावर.”

गोष्टीतला एखादा गुणी कुत्रा ताडकन उठला असता. हा आधी कुरकुरला. मग त्याने जांभई दिली, शेजारची गार फरशी बघितली, पुन्हा आजीकडे बघितलं, आणि उठला.

कोंबडी सरपटत गेली आणि गळ्यापर्यंत राखेत रुतली. तिने पंख असे फडफडवले की शेळीला ओळीने शिंका आल्या. संध्याकाळपर्यंत तिने तीन आंघोळी केल्या, वर मूठभर कण्याही टिपल्या, आणि तिथेच उबेला झोपली. बुधवारी सकाळी मालकीण टोपली घेऊन आली, तर म्हातारी दोन्ही पायांवर उभी. तिने अंग झाडलं आणि सगळी राख मालकिणीच्या तोंडावर गेली. मालकीण खोकली, मग हसली. “म्हातारीत जोर आहे की अजून,” असं म्हणून तिने टोपलीत वांगी भरली आणि ती बाजाराला गेली.

“माझा लिंब लागू पडला,” शेळी म्हणाली. “छे, माझं पाणी,” बदक म्हणालं. कोंबडा तर छपरावर चढून आपलं कौतुक आपणच करू लागला. कुत्रा मात्र गार फरशीवर अंग आखडून पडला होता. म्हातारी राखेत जरा बाजूला सरकली. “ये रे मेल्या,” ती म्हणाली, “दोघांना पुरते.”

तात्पर्य : आजाऱ्यावर आपल्या आवडीची औषधं लादू नयेत, त्याला काय हवं ते आधी विचारावं, आणि ते नेमकं आपल्याच बुडाखाली निघालं, तर कुरकुरत का होईना, उठावं.